पिवळ्या चौकटीतील जग

बाळपणी आवडलेले वाङ्मय प्रौढपणी पुन्हा हाती घेणे हे धाडसाचेच काम होय. पुष्कळदा त्याची गोडी तर उरत नाहीच, पण जुनी आठवणही विटून जाते. गेल्या पावसाळ्यात माळ्यावरचे सामान खाली काढताना 'नॅशनल जिऑग्राफिक'च्या जुन्या अंकांचा एक गठ्ठा हाती लागला, तेव्हा आमच्या मनात हीच धास्ती होती. वडिलांनी रस्त्यावरच्या जुन्या पुस्तकवाल्याकडून आणलेले हे अंक. त्या वयात इंग्रजी धड येत नसल्यामुळे आम्ही केवळ चित्रे पाहिली होती. मजकूर वाचला तो या खेपेस, प्रथमच.

गंमत अशी की, हे मासिक जन्मले ते चित्रांवाचून. 1888 मध्ये वॉशिंग्टन येथे 33 गृहस्थांनी स्थापिलेल्या संस्थेचे ते रूक्ष मुखपत्र होते. 1905 च्या जानेवारीत संपादक गिल्बर्ट ग्रोव्हनर यांनी तिबेटातील ल्हासा नगरीच्या छायाचित्रांना 11 पाने दिली, आणि तेथून चित्र हे मालक व शब्द हा चाकर असा व्यवहार रूढ झाला. निदान सर्वसामान्य समज तरी असा आहे. आमचाही तोच होता.

1963 च्या ऑगस्ट अंकातील जेन गुडॉल यांच्या लेखाने तो समज मोडला. 1960 च्या जुलैत ही तरुणी टांगानिका सरोवराच्या काठी गोंबे येथील अरण्यात गेली. चिंपांझी तिला दुरून पाहताच पळ काढीत. महिनोन्महिने ती बसून राहिली. अखेर एके दिवशी वारुळाशी बसलेला एक चिंपांझी काडी आत खुपसून, तिला चिकटलेली वाळवी खाताना तिला दिसला. पाने ओरबाडून काडी तयार करणारेही पुढे दिसले. हत्यार घडवावे ते मनुष्यानेच, ही शास्त्रज्ञांची समजूत त्या काडीसरशी ढासळली. छायाचित्र आपणांस तो क्षण देते. त्यामागची प्रतीक्षा मात्र शब्दच देऊ शकतात. ज्ञान किती सावकाश येते, हे अनुभवण्याचा आनंद बाळपणी आमच्या वाट्यास आला नव्हता.

तथापि दोषांकडे डोळेझाक करणे हा टीकेचा धर्म नव्हे. 1913 च्या एप्रिलचा अख्खा अंक हायरम बिंगहॅम यांच्या पेरू देशातील माचू पिचूच्या वृत्तांतास वाहिलेला आहे. 1911 मध्ये त्यांना तेथवर वाट दाखविली ती एका स्थानिक शेतकऱ्याने. त्या भग्न नगरीच्या पायऱ्यापायऱ्यांच्या शेतांत कुटुंबे पिके घेत होती. तरीही 'शोध' लागला तो पाहुण्याला! जे स्वतःस सापडलेलेच होते, त्यांस कोणी शोधून काढल्याचे ऐकून काय वाटत असेल, हे आपणां भारतीयांस निराळे सांगावयास नको. 2018 च्या एप्रिलात संपादिका सुझन गोल्डबर्ग यांनी एका इतिहासकाराकडून जुने अंक तपासून घेतले आणि मासिकाच्या दृष्टीत दीर्घकाळ वर्णद्वेष होता, अशी उघड कबुली दिली. असा प्रामाणिकपणा नियतकालिकांत विरळा.

मग आमचा आनंद उणावला काय? नाही, तो अधिक जाणता झाला. पूर्वी आम्ही चित्रात काय आहे तेवढेच पाहत होतो. आता चित्र कोणी काढले आणि चौकटीबाहेर कोण राहिले, हेही विचारतो. 2023 मध्ये या मासिकाने आपल्या उरल्यासुरल्या पगारी लेखकांस निरोप दिला. ज्या शब्दांची खरी किंमत आम्हांस इतक्या उशिरा कळली, त्यांचीच ही गत व्हावी याचा विषाद वाटतो. म्हणूनच ज्यांच्या घरी असा एखादा गठ्ठा असेल, त्यांनी तो रद्दीत घालण्यापूर्वी एकवार उघडावा, आणि या वेळी चित्रांखालचा मजकूरही वाचावा, एवढीच आमची विनंती आहे.