समेवरचा कॅच

मे महिन्यातली दुपार, ठाण्यातल्या एका शाळेचं सभागृह. सराव सुरू होण्याआधी कोच सांगतात, "पंखे बंद करा." तीस-पस्तीस मुली घामाने निथळत असताना पंखे बंद. कारण रिबन. सहा मीटर लांबीची ती साटीनची पट्टी जेमतेम पस्तीस ग्रॅमची असते. वाऱ्याची झुळूक लागली की ती स्वतःभोवती वळते, वळली की गाठ बसते आणि गाठ बसली की रूटीन तिथेच हातातून निसटतं. मुली काठी मनगटातून फिरवत राहतात, हवेत सापासारख्या नागमोडी लाटा उठतात आणि सभागृहात फक्त साटीनचा सळसळाट ऐकू येतो.

त्यातल्या दोघी-तिघी डोंबिवलीहून येतात, एक कल्याणहून. साडेतीनच्या सुमाराच्या लोकलने महिलांच्या डब्यात कापडी पिशवीतला हूप खांद्यावर अडकवून उभ्या असतात. शेजारची बाई विचारतेच, "हे काय गं, एवढं मोठं कडं?" मुली सांगतात, रिदमिक जिम्नॅस्टिक्स. मग आपापसात त्यांचं पुढचं सुरू होतं. येत्या सीझनला संयुक्ताताई काय आणणार? रिबनवर नवीन संगीत घेणार का? थ्रोखाली किती फेऱ्या घेईल? हूपमधून लीप मारतानाच कॅच घेईल का? बर्फावर स्केटिंग करणाऱ्या विजेत्याचे चाहते त्याच्या पुढच्या उडीचे हिशेब मांडतात. इथे तेच कौतुक, तीच उत्कंठा कळव्याचा पूल येईपर्यंत चालते.

ताई म्हणजे संयुक्ता काळे, ठाण्याची. 2022 च्या जूनमध्ये पंचकुलाला झालेल्या खेलो इंडिया युवा स्पर्धेत रिदमिकची पाचही सुवर्णपदकं तिने घेतली. पुढच्या वर्षी गोव्यातल्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धेत चार सुवर्णं आणि एक रौप्य मिळवून ओडिशाच्या प्रणती नायकबरोबर ती सर्वोत्कृष्ट महिला खेळाडू ठरली. तिच्यामागे ठाण्याचीच पूजा सुर्वे आहे. आधी स्वतः आंतरराष्ट्रीय स्पर्धा खेळलेली, शिवछत्रपती पुरस्कार मिळवलेली आणि मग कोच म्हणून पुढची पिढी घडवणारी. दिल्ली, हरियाणा, जम्मू इथेही चांगल्या मुली आहेत, पण रिदमिकचं नाव निघालं की ठाण्याचं नाव येतं, हे या शहराने कमावलं आहे.

तरी मला एक गोष्ट सतत सलते. आपण चाहते जे विचारतो ते बहुतेक वेळा 'किती' असतं. किती उंच, किती फेऱ्या, किती गुण. खेळाची रचनाच तसं विचारायला लावते, हे खरं. नियमांच्या भाषेत 'रिस्क' नावाचा प्रकार आहे. रिबन, हूप, बॉल यांसारखं साधन स्वतःच्या उंचीच्या दुपटीहून वर फेकायचं, ते हवेत असताना खाली किमान दोन पूर्ण फेऱ्या घ्यायच्या आणि मग झेलायचं. जादा फेरीला जादा 0.10. शिवाय उडीत पाय पूर्ण फाकलेले, पाठ मागे वळलेली, पाऊल डोक्याला भिडलेलं असेल तर त्याची वेगळी किंमत. साधन कधी नजरेआड झेलायचं, कधी हाताऐवजी पायांनी. रूटीनला सव्वा ते दीड मिनिट मिळतं, मॅट तेरा बाय तेरा मीटरची. एवढ्या वेळात, एवढ्या जागेत हे सगळं बसवायचं.

बर्फावरच्या स्केटिंगलाही याच ओढीने वेढलं. 2022 च्या फेब्रुवारीत बीजिंगच्या ऑलिंपिकमध्ये स्केटर युझुरु हान्यूने साडेचार फेऱ्यांची क्वाड अ‍ॅक्सल मारायचा प्रयत्न केला आणि तो पडला. त्याच सप्टेंबरमध्ये सतरा वर्षांच्या इल्या मॅलिनिनने ती पहिल्यांदा स्पर्धेत मारली. जगभर टाळ्या पडल्या, मीही वाजवल्या. पण हान्यूच्या त्या पडण्याआधीचं आणि नंतरचं सगळं रूटीन आठवतं, संगीताच्या एका श्वासावर त्याने हात कसा उचलला होता तेही आठवतं. इतरांच्या कितीतरी यशस्वी उड्या आठवत नाहीत.

रिदमिकमध्ये तर काटेकोर हिशेबाने कला जवळजवळ गिळली होती. 2018 मध्ये अवघडपणाच्या गुणांची वरची मर्यादा काढली आणि जगभरची रूटीन्स ठासून भरली गेली. एक थ्रो संपायच्या आत दुसरा, श्वास घ्यायला जागा नाही, संगीत मागे कुठेतरी वाजतंय. 2022 पासून कलात्मकतेचे दहा गुण वेगळे मोजायला लागले. 2025 च्या नव्या नियमावलीत अवघड घटकांची संख्या कमी केली, नृत्याला जागा मिळावी म्हणून. पॅरिसला 2024 मध्ये ऑलिंपिक सुवर्ण जिंकलेल्या जर्मनीच्या दार्या वार्फोलोमेएवला पाहिलं की दोन्ही गोष्टी एकत्र नांदू शकतात हे पटतं. तिचं अवघड काम दिसतच नाही, फक्त चाल दिसते.

आपल्याकडे हा बदल अजून पुरता उतरलेला नाही असं माझं मत आहे. त्याची दोन कारणं आहेत. पहिलं छताचं. नियमाप्रमाणे स्पर्धेच्या हॉलला किमान आठ मीटर उंची लागते. आपल्या मुली बहुतेक शाळांच्या सभागृहांत सराव करतात, जिथे वर पंखे लोंबकळतात आणि ट्यूबलाइटवर जाळी असते. हूप वर जाताना त्यांचा हात आपोआप राखून सुटतो. वर्षानुवर्षं राखून फेकलेल्या थ्रोला लय येत नाही. कारण पूर्ण उंचीचा थ्रो म्हणजे वेळेचा एक मोठा, मोकळा तुकडा असतो आणि तो संगीताने भरायला शिकावं लागतं. ज्या मुलीला तो तुकडा सरावात कधी मिळालाच नाही, ती स्पर्धेत पहिल्यांदा त्याच्याखाली उभी राहते तेव्हा भेदरते आणि फेऱ्या लवकर उरकते. दोन स्पर्धांत मी हे डोळ्यांनी पाहिलं आहे. मुलगी झेलते, पण कॅचनंतर अर्धा ठोका नुसती थांबते, संगीत आपल्याला गाठेल म्हणून.

दुसरं कारण संगीताचं, आणि याबद्दल मला जास्त तळमळ आहे. स्पर्धांत बहुतेक रूटीन्स परदेशी सिनेमांच्या पार्श्वसंगीतावर असतात, दीड मिनिटात कापलेली, शेवटी ढोल बडवून संपणारी. काही हिंदी गाण्यांवर. वाईट नाहीत, पण मुलींच्या अंगात ते संगीत मुरलेलं नसतं. आणि या मुली कुठल्या गावच्या? ठाण्यात पंडित राम मराठे राहिले, त्यांच्या स्मृतीचा संगीत महोत्सव इथे होतो. डोंबिवलीत कथ्थकच्या वर्गाला जाणाऱ्या मुलींचे घुंगरू दर दुसऱ्या गल्लीत ऐकू येतात. इथल्या आजीलाही सम कळते. तबलजी तिहाई घेऊन समेवर आला की सभागृहातली शंभर डोकी एकदम हलतात. कोणी शिकवलेलं नसतं, कानात असतं.

थ्रो आणि कॅच यांचं नातं नेमकं हेच आहे. साधन सुटतं तेव्हा गाणारा समेपासून दूर जातो. खालच्या फेऱ्या म्हणजे तिहाईचे तीन पल्ले. आणि कॅच म्हणजे सम. तो पकडला गेला की नाही, एवढंच पाहायचं नसतं. तो कुठे पडला, हे पाहायचं असतं. हे मी कल्पनेने म्हणत नाही. मागच्या हिवाळ्यात एका सरावात असं घडलं. एका कोचनी एक दिवस मुलींना तीनतालाचा नुसता ठेका लावून दिला. एरवी सिनेसंगीतावर काम करणारी तेरा वर्षांची मुलगी. बॉल वर गेला, ती दोनदा गोलांटी घेऊन वर आली आणि बॉल तळहातावर उतरला तो बरोबर 'धा' वर. हातावर पडल्याचा आवाज आला नाही, बोटांनी तो झिरपल्यासारखा आत घेतला. कोपऱ्यात भिंतीला टेकून बसलेल्या आया बोलायच्या थांबल्या. तिच्या स्वतःच्या तोंडून "हं" निघालं.

त्यानंतर ते रूटीन पुढे गेलं नाही. स्पर्धा जवळ होती, जुनं संगीत बदलायची जोखीम नको, असं ठरलं. मला कोचांची अडचण समजते. गुण ठरलेल्या चौकटीत मिळतात, मुलीचं वर्ष पणाला लागतं आणि तबल्यावर बसवलेल्या रूटीनला परीक्षक कसे वाचतील याची खात्री कुणालाच नाही. पण ठाण्याकडे आता जिंकलेली मुलगी आहे, तिच्या मागे येणाऱ्या पन्नास जणी आहेत आणि नियमही कलेकडे झुकलेत. आता हे करून पाहायला कुणाची परवानगी लागणार नाही.

म्हणून लोकलमधल्या त्या मुली विचारतात तेव्हा मीही उत्सुक असते, फक्त माझा प्रश्न जरा वेगळा असतो. परवा त्यातल्या धाकटीला मी विचारलं, "ताईने तीनतालावर रिबन केली तर तुला आवडेल?" ती थोडा वेळ खिडकीबाहेर पाहत राहिली. मग हूपच्या पिशवीवर बोटांनी ठेका धरला, सोळा मात्रा मोजल्या आणि म्हणाली, "मावशी, रिबन खाली येईपर्यंत दोन आवर्तनं होतील. नाही, दीडच." ठाणं येईपर्यंत ती मोजतच होती.