सहस्रार शरीरात नेमकं कुठे असतं? एका जुन्या पुस्तकाचं परीक्षण आणि माझी परत आलेली सिनॉप्सिस

आज विषय कसा निवडायचा हे नाही सांगत. निवडलेल्या विषयाला प्रश्न कसा विचारायचा, ते सांगते. त्यासाठी आधी माझीच फजिती.

मी पहिली सिनॉप्सिस गाईडसमोर ठेवली, तेव्हा दुसऱ्याच पानावर एक तक्ता होता. डावीकडे सात चक्रं, उजवीकडे सात ग्रंथी, मधे इंद्रधनुष्याचे सात रंग. सगळ्यात वर सहस्रार, त्याच्यासमोर पिनिअल ग्रंथी आणि पुढे लिहिलेलं 'उच्च चेतना'. सरांनी तक्त्यावर पेन टेकवून एकच विचारलं, "हे कोणत्या ग्रंथात आहे?" मला उत्तर देता आलं नाही. कारण तो तक्ता मी ग्रंथात पाहिलाच नव्हता. आमच्या भाईंदरच्या सोसायटीच्या हॉलमध्ये आई दर रविवारी ध्यानाला जाते, तिथल्या भिंतीवर तो लावलेला आहे.

सिनॉप्सिस परत आली. मग चर्चगेट लोकलमध्ये, सीट मिळाली तर मांडीवर आणि नाही मिळाली तर मोबाइलवर, मी एक जुनं पुस्तक वाचायला घेतलं. आजचं परीक्षण त्याचंच.

पुस्तक काय म्हणतं?

मुंबईचे डॉक्टर वसंत रेळे यांचं 'द मिस्टीरियस कुंडलिनी' हे इंग्रजी पुस्तक १९२७ साली तारापोरवाला यांनी मुंबईत छापलं. रेळ्यांचा दावा थोडक्यात असा: कुंडलिनी म्हणजे उजवी व्हेगस नर्व्ह. मेंदूतून निघून छातीत आणि पोटात उतरणारा हा मोठा मज्जातंतू. चक्रं म्हणजे मज्जातंतूंची जाळी. एरवी आपल्या इच्छेबाहेर चालणाऱ्या या यंत्रणेवर योगी ताबा मिळवतो, ती कुंडलिनीजागृती.

आज हसू नका. हा माणूस डॉक्टर होता आणि योगाला थोतांड म्हणून मोडीत न काढता त्याचं शारीरिक कारण शोधत होता. संथ श्वासाचा हृदयाच्या गतीवर परिणाम होतो आणि त्यात व्हेगसचा मोठा वाटा असतो, हे आज वैद्यकाच्या पाठ्यपुस्तकात सापडतं. ही दिशा रेळ्यांनी फार लवकर ओळखली. याचं श्रेय द्यायलाच हवं.

मग घोळ कुठे आहे?

पहिली अडचण शरीरशास्त्राचीच. मूलाधार सांगितलंय ओटीपोटाच्या तळाशी. व्हेगसचा कारभार मोठ्या आतड्याच्या साधारण मध्यापर्यंत चालतो; त्याखालच्या अवयवांना माकडहाडाजवळच्या मणक्यांतून येणारे मज्जातंतू सांभाळतात. म्हणजे कुंडलिनीचं जे मूळ घर, तिथे हा मज्जातंतू पोहोचतच नाही.

दुसरी अडचण जास्त मोठी, आणि ती पाकळ्यांची आहे. पूर्णानंदांचा 'षट्चक्रनिरूपण' हा १५७७ चा संस्कृत ग्रंथ. जॉन वुड्रॉफ यांनी 'आर्थर अ‍ॅव्हलॉन' या नावाने १९१९ साली 'द सर्पंट पॉवर'मध्ये त्याचं भाषांतर दिलं आणि सहा चक्रांचा हा आराखडा जगभर गेला. यातल्या पाकळ्या मोजा: चार, सहा, दहा, बारा, सोळा, दोन. बेरीज पन्नास. प्रत्येक पाकळीवर एक अक्षर आहे. मूलाधारावर व, श, ष, स. विशुद्धावर सोळा स्वर. आज्ञेवर ह आणि क्ष. पन्नास म्हणजे अख्खी वर्णमाला. आणि सहस्रार? तीच पन्नास अक्षरं वीस वेळा. पन्नास गुणिले वीस, हजार!

कळलं का काय झालं ते? हा आकडा कोणी शरीर फाडून मोजलेला नाही. साधकाने शरीरावर वाणी मांडायची आणि एकेक पायरी वर नेत शेवटी ती विलीन करायची, त्याचा हा नकाशा आहे. ग्रंथाच्या नावातच 'षट्' आहे. सहस्रार त्या सहांच्या पलीकडचं. ते 'सातवं चक्र' म्हणून रांगेत उभं राहिलं ते नंतर, आणि इंद्रधनुष्याचे रंग तर १९७० च्या दशकातल्या पाश्चात्त्य लेखनातून आले. चक्र म्हणजे मज्जातंतूंचं जाळं असं एकदा ठरवलं की अक्षरं निरुपयोगी होतात. तुमच्या स्पष्टीकरणात ग्रंथातली मुख्य गोष्टच फालतू ठरत असेल, तर चूक ग्रंथाची नाही हो, स्पष्टीकरणाची आहे.

गंमत म्हणजे रेळ्यांच्या पुस्तकाला प्रस्तावना खुद्द वुड्रॉफ यांची आहे. लेखकाच्या प्रयत्नाचं कौतुक करून ते मतभेद नोंदवतात: कुंडलिनी हा कोणताही मज्जातंतू नाही, ती शक्ती आहे. आपल्याच पुस्तकात आपल्या मुख्य दाव्याला नकार छापण्याचा मोठेपणा रेळ्यांनी दाखवला. लिटरेचर रिव्ह्यूमध्ये विरोधी मत लपवणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं.

घरातला पुरावा

मराठी वाचकाला तर हे ज्ञानेश्वरीतच तपासता येतं. गीतेच्या सहाव्या अध्यायात आसन, ताठ मान, नाकाच्या शेंड्यावर दृष्टी एवढंच आहे. कुंडलिनी हा शब्दही नाही. शके १२१२ मध्ये (म्हणजे १२९० साली) माउलींनी त्याच श्लोकांवर नाथपंथाच्या वारशातून कुंडलिनीचं मोठं वर्णन उभं केलं. तिथे ती शरीरातली तत्त्वं खात जाते. पुढे तिला कुंडलिनी न म्हणता मारुत म्हणावं, मात्र शिवात मिळेपर्यंत तिचं शक्तिपण राहतं, असं ते सांगतात. वाटेत नाव आणि रूप बदलून शेवटी विरून जाणारी ही वस्तू कोणत्या मज्जातंतूला लागू करणार? आणि ज्ञानेश्वरीत पाकळ्यांचा तक्ता शोधून बघा, नाही सापडणार. म्हणजे 'योगपरंपरा सांगते' हे वाक्यच सिनॉप्सिसमध्ये चालत नाही. कोणती परंपरा, कोणतं शतक, कोणता ग्रंथ, ते लिहा.

मग शरीराचा अभ्यास करायचाच नाही का?

करायचा की! त्याच दशकात, १९२४ साली, स्वामी कुवलयानंदांनी लोणावळ्याला कैवल्यधाम सुरू केलं. त्यांनी उड्डियान आणि नौली करताना पोटातला दाब मोजला, क्ष-किरण चित्रं घेतली आणि 'योगमीमांसा' या नियतकालिकात छापली. प्रश्न छोटा होता, पण मोजता येण्यासारखा होता. रेळ्यांनी आधी समीकरण ठरवलं आणि मग पुरावे त्यात बसवले. १९३१ साली त्यांनी वैदिक देवतांनाही मज्जासंस्थेत बसवणारं पुस्तक लिहिलं. जी किल्ली प्रत्येक कुलपाला लागते, तिच्यावर जरा संशय घ्यावा.

आईचा प्रश्न

हे सगळं मी घरी उत्साहाने सांगितलं. आई भाजी निवडत होती. ती म्हणाली, "मग अगं, ध्यानात मला टाळूवर मुंग्या येतात, सगळं शांत होतं, ते खोटं का?"

मी गप्प झाले. कारण तक्ता चुकीचा आहे हे सिद्ध करताना मी नकळत तिचा अनुभवही खोडून टाकला होता. तसं करण्याचा मला काहीच अधिकार नव्हता. तिचा अनुभव तिला आला, हे खरंच आहे. त्यावरून पिनिअल ग्रंथीबद्दल काही सिद्ध होत नाही, आणि पिनिअलमध्ये काही सापडलं नाही म्हणून तिचा अनुभव खोटाही ठरत नाही.

माझ्या नव्या सिनॉप्सिसमध्ये आता तीन वेगळे रकाने आहेत. ग्रंथ काय सांगतो, साधक काय सांगतो, यंत्र काय दाखवतं. पहिल्यासाठी पोथी वाचायला हवी, दुसऱ्यासाठी नीट मुलाखत घ्यायला हवी, तिसऱ्यासाठी प्रयोगशाळा हवी. एका रकान्याचा पुरावा दुसऱ्यात ढकलायचा नाही. रेळ्यांनी ते केलं, मीही केलं.

तुमची सिनॉप्सिस काढा आणि प्रत्येक वाक्यासमोर १, २ किंवा ३ लिहा. ज्या वाक्यासमोर आकडा लिहिता येत नाही, तिथेच गाईडचं पेन टेकणार आहे. त्याआधी तुमचं टेकू द्या.

आणि हो, मुलाखतींची सुरुवात मी आईपासूनच केली आहे.