वाचलेला पाय, वाचलेला रुग्ण : ॲक्यूट लिंब इस्किमियाच्या संशोधनातील परिणाम-निकषांची चिकित्सा

प्रस्तावना

हाताचा वा पायाचा रक्तपुरवठा एकाएकी खंडित होऊन तो अवयव धोक्यात येणे, या विकारास ॲक्यूट लिंब इस्किमिया म्हणतात. वेळेत उपचार न झाल्यास अवयव आणि प्रसंगी प्राणही गमवावा लागतो. शस्त्रक्रिया करावी की रक्तवाहिनीत नळी घालून औषधाने गुठळी विरघळवावी, या प्रश्नावर १९९० च्या दशकात तीन महत्त्वाच्या चाचण्या झाल्या. त्यांची उत्तरे परस्परांशी जुळत नाहीत. या विसंगतीचे एक मूळ उपचारांत नसून यश मोजण्याच्या निकषांत आहे, असे प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन आहे.

तीन चाचण्या, तीन मोजपट्ट्या

१९९४ साली प्रसिद्ध झालेल्या रॉचेस्टर चाचणीत ११४ रुग्ण होते. वर्षअखेर पाय वाचण्याचे प्रमाण दोन्ही गटांत ८२ टक्के होते; परंतु जिवंत राहण्याचे प्रमाण औषधगटात ८४, तर शस्त्रक्रियागटात ५८ टक्के आढळले. त्याच वर्षीच्या 'स्टाइल' चाचणीने ३० दिवसांतील मृत्यू, अंगविच्छेदन, कायम राहिलेली वा उलटलेली रक्तन्यूनता आणि गंभीर गुंतागुंती यांची एकच मोट बांधली. त्या संयुक्त निकषावर शस्त्रक्रिया सरस ठरली. मात्र लक्षणे सुरू होऊन १४ दिवसही न झालेले रुग्ण वेगळे काढताच अंगविच्छेदनाचे प्रमाण औषधगटात कमी दिसले. १९९८ च्या 'टोपास' चाचणीत ५४४ रुग्ण होते. तिने सहा महिन्यांनंतरचे 'अंगविच्छेदनाविना जीवित' मोजले. ते औषधगटात ७१.८ व शस्त्रक्रियागटात ७४.८ टक्के, म्हणजे लक्षणीय फरकाविना होते. कालमर्यादा, रुग्णनिवड आणि निकष असे तिन्ही भिन्न असता या आकड्यांची सरळ तुलना कशी करावी?

संयुक्त निकषाची मर्यादा

'अंगविच्छेदनाविना जीवित' हा निकष सोयीचा आहे, कारण त्यात घटनांची संख्या वाढते आणि कमी रुग्णांत चाचणी पूर्ण होते. तथापि, तो मृत रुग्णास आणि कृत्रिम पायावर घरी परतलेल्या रुग्णास एकाच रकान्यात बसवितो. उलट, पाय वाचूनही मज्जातंतू निकामी झाल्याने पाऊल उचलता न येणारा रुग्ण येथे पूर्ण यश म्हणून मोजला जातो. रॉचेस्टरमधील फरक मृत्यूचा होता, पायाचा नव्हता. हे घटक वेगळे मांडल्यामुळेच कळले.

रुग्ण दाखल होतानाची तीव्रता नोंदविण्यासाठी रदरफोर्ड प्रभृतींच्या १९९७ च्या सुधारित मानकांनी १, २अ, २ब व ३ अशी समान श्रेणी दिली. शेवट कसा झाला, विशेषतः रुग्ण पुन्हा चालू लागला का, हे नोंदविण्याची तितकी सर्वमान्य भाषा मात्र रुळली नाही. २०१० साली सुरू झालेल्या 'कॉमेट' उपक्रमाने, प्रत्येक विकारासाठी किमान परिणाम-निकषांचा संच चिकित्सक व रुग्ण यांच्या सहमतीने ठरविण्याचा मार्ग पुढे आणला आहे.

निष्कर्ष

प्रमाणीकरण आवश्यक आहे. परंतु प्रचलित संयुक्त निकषावरच शिक्कामोर्तब केल्यास त्यातील दोषही प्रमाण होईल. म्हणून मृत्यू, अंगविच्छेदन, गंभीर रक्तस्राव आणि चालण्याची क्षमता हे चारही घटक ठरावीक मुदतीला, दाखल होतानाच्या श्रेणीनुसार, स्वतंत्रपणे मांडले जावेत. संयुक्त आकडा त्यांच्या सोबतीला असावा, त्यांच्या जागी नसावा.