परिचारिकेची शिफारस

जाहिरात हाहि वाङ्मयाचा एक प्रकार आहे. तेव्हां तिचीहि परीक्षा झाली पाहिजे. अमेरिकेंतील मेन संस्थानांत, बँगॉर गांवीं, १८४९ सालीं 'मिसेस विन्स्लोज सूदिंग सिरप' नांवाचें औषध निघालें. दांत येतांना रडणाऱ्या मुलांसाठीं एका अनुभवी परिचारिकेनें तें सिद्ध केलें, अशी त्याची जाहिरात असे. ह्या शिफारशींत सगळेंच खोटें नव्हतें. मूल खरोखरच शांत होई. तें कशानें शांत होई, एवढेंच आयांना कोणी सांगितलें नाहीं. बाटलींत मॉर्फीन, म्हणजे अफूचें सत्त्व, होतें! कित्येक बालकें पुनः जागीं झालींच नाहींत. १९०६ च्या कायद्यानें असल्या द्रव्याचें नांव वेष्टनावर छापणें भाग पडलें. १९११ सालीं अमेरिकन मेडिकल असोसिएशननें त्याला बालघातक ठरविलें.

घरगुती उपायांचा अभिमान बाळगणाऱ्यांनीं मात्र ह्या हकीकतीला हंसूं नये. विसाव्या शतकाच्या आरंभीं मुंबईंत गिरणीकामगार स्त्रिया कामावर जातांना तान्ह्या मुलांना अफूची गोळी देत, आणि तीहि घरगुती उपाय म्हणूनच. अनुभवी बाईच्या मायेस आम्ही कमी लेखीत नाहीं. औषध पेटंट असो वा आजीबाईच्या बटव्यांतील असो, त्यांत काय आहे हें कळल्यावांचून तें मुलाच्या ओठाला लावूं नये, एवढेंच आमचें म्हणणें आहे.