सोन्याची लेखणी आणि वाचणारे मूल : डच बालसाहित्य पुरस्कारांमागील बालककल्पना

प्रस्तावना

साहित्य पुरस्कार हा केवळ लेखकाचा गौरव नसतो. चांगले साहित्य कशाला म्हणावे याविषयी समाजाने दिलेला तो एक निर्णयही असतो. प्रौढांच्या साहित्यात हा निर्णय देणारे आणि ते साहित्य वाचणारे एकाच वर्गातले असतात. बालसाहित्याची गोष्ट निराळी आहे. तेथे लिहिणारे प्रौढ, छापणारे प्रौढ, विकत घेणारे प्रौढ आणि पुरस्कार देणारेही प्रौढच. मूल तेवढे वाचणारे. त्यामुळे बालसाहित्याच्या प्रत्येक पुरस्कारामागे 'मूल म्हणजे कोण?' या प्रश्नाचे एक अव्यक्त उत्तर दडलेले असते. नेदरलँड्समधील बालसाहित्य पुरस्कारांचा गेल्या सात दशकांचा इतिहास या दृष्टीने विशेष उद्बोधक आहे. त्या देशात हा प्रश्न गृहीत धरला गेला नाही, त्यावर उघड वाद झाला आणि त्या वादाच्या दोन्ही बाजूंना स्वतंत्र पुरस्कार मिळाले. प्रस्तुत लेखात काही पुरस्कारप्राप्त कलाकृतींच्या आधारे या बालककल्पनेचा शोध घेतला आहे.

पुरस्कारांची परंपरा

नेदरलँड्समध्ये १९५५ पासून दरवर्षी बालग्रंथ सप्ताह साजरा होतो. त्याच वर्षापासून 'वर्षातील उत्कृष्ट बालग्रंथ' हा पुरस्कार देण्यात येऊ लागला. टोंके द्राख्त यांच्या 'डे ब्रीफ फोर डे कोनिंग' (राजासाठी पत्र, १९६२) या कादंबरीला १९६३ मध्ये तो मिळाला. १९७१ पासून त्याची जागा 'गौडन ग्रिफेल' या पुरस्काराने घेतली. डच पुस्तकांच्या सामूहिक प्रचारासाठी काम करणारी सी.पी.एन.बी. ही संस्था तो देते. 'ग्रिफेल' म्हणजे पाटीवर लिहिण्याची लेखणी. सुवर्ण लेखणीच्या खालोखाल रौप्य लेखणी असते आणि चित्रकारांसाठी 'गौडन पेन्सेल' म्हणजे सोन्याचा कुंचला. पाटी-लेखणी ही मुलाच्या हातातली वस्तू आहे, समीक्षकाच्या नव्हे, ही बाब पुढील विवेचनाच्या दृष्टीने लक्षात ठेवण्यासारखी आहे.

एका पुस्तकाऐवजी समग्र लेखनासाठी देण्यात येणारा शासकीय पुरस्कार १९६४ मध्ये सुरू झाला आणि त्याच्या पहिल्या मानकरी आनी एम. जी. श्मिट (१९११-१९९५) ठरल्या. 'यिप आणि यानेके' या बालजोडीच्या छोट्या गोष्टींनी त्या घरोघरी पोचल्या होत्या. पुढे १९८७ मध्ये प्रौढ साहित्यासाठी प्रतिष्ठित मानला जाणारा कॉन्स्टन्टाइन हाउखन्स पुरस्कार आणि १९८८ मध्ये आंतरराष्ट्रीय हान्स ख्रिश्चन अँडरसन पुरस्कार त्यांना मिळाला. एका लेखिकेच्या या वाटचालीत डच बालसाहित्याचा दर्जा कसा बदलत गेला याचे चित्र दिसते.

सत्तरचे दशक : मुलाला दिलेले जग

सुवर्ण लेखणीच्या पहिल्या काही वर्षांतील कलाकृती पाहिल्या म्हणजे परीक्षकांची एक निश्चित दृष्टी जाणवते. यान टेर्लाउ हे पदार्थविज्ञानाचे अभ्यासक आणि पुढे मंत्रिपदापर्यंत पोचलेले राजकारणी. त्यांच्या 'कोनिंग फान काटोरेन' या कादंबरीला १९७२ मध्ये आणि 'ओर्लोख्सविंटर' (युद्धातील हिवाळा) या कादंबरीला १९७३ मध्ये सुवर्ण लेखणी मिळाली. पहिल्या कादंबरीत स्ताख हा तरुण राजा होऊ इच्छितो आणि मंत्री त्याच्यापुढे सात कामे ठेवतात. रचना परीकथेची, पण प्रत्येक गावाचे संकट मात्र आधुनिक सार्वजनिक जीवनातले आहे. दुसऱ्या कादंबरीत जर्मन ताब्यातील नेदरलँड्समधल्या १९४४-४५ च्या हिवाळ्यात मिखिएल हा मुलगा जखमी ब्रिटिश वैमानिकाला लपवतो आणि ज्याच्यावर त्याचा विश्वास होता तोच माणूस फितूर निघतो. १९७४ मध्ये तेआ बेकमन यांच्या 'क्राउस्तोख्त इन स्पायकरब्रूक' (जीन्समधील धर्मयुद्ध) या कादंबरीला हाच मान मिळाला. तिचा नायक विसाव्या शतकातून थेट १२१२ सालच्या मुलांच्या धर्मयुद्धात जाऊन पडतो.

या तिन्ही कादंबऱ्या परीक्षकांनी गौरवल्या आणि मुलांनीही पिढ्यान्‌पिढ्या वाचल्या. त्या काळात गुणवत्ता आणि लोकप्रियता यांत दरी नव्हती, याचे कारण त्यांच्या घडणीत आहे. त्यांत मूल कृतिशील आहे. त्याला निर्णय घ्यावे लागतात आणि त्या निर्णयांचे परिणाम भोगावे लागतात. तथापि या कादंबऱ्यांना एक मर्यादाही आहे. त्यांत मुलाची परीक्षा प्रौढांच्या जगात होते. राजकारण, युद्ध, इतिहास हे सारे प्रौढांचे विषय असून मूल त्यांत लवकर मोठे होते म्हणून प्रशंसेस पात्र ठरते. मूल मूल असतानाच पूर्ण माणूस असते, ही जाणीव येथे अद्याप आलेली नाही.

कौयर : मुलाचा अवमान आणि त्याला उत्तर

ही जाणीव प्रथम ठळकपणे आली ती गूस कौयर (जन्म १९४२) यांच्या लेखनात. काही वर्षे प्राथमिक शिक्षक असलेल्या कौयर यांच्या 'मेट डे पोपन गोयन' (बाहुल्या फेकताना, १९७५) या पुस्तकाला १९७६ मध्ये सुवर्ण लेखणी मिळाली. माडेलीफ ही त्याची नायिका. तिच्या आयुष्यात ना युद्ध आहे ना धर्मयुद्ध. आहे ते शेजार, शाळा, मैत्री आणि भांडण. प्रसंग लहान, निवेदन थोडके आणि संवाद मात्र विपुल. १९७९ मध्ये पुन्हा सुवर्ण लेखणी मिळवणाऱ्या 'क्रासन इन हेट टाफलब्लाट' (मेजावरचे ओरखडे) या पुस्तकात माडेलीफ वारलेल्या आजीचा शोध घेते. मोठी माणसे आजीविषयी बोलत नाहीत, आजोबाही गप्प आहेत. बागेतल्या झोपडीत मेजावर उमटलेल्या ओरखड्यांवरून या मुलीला आजीचे न जगलेले आयुष्य उमगत जाते. येथे ज्ञानाची दिशा उलटी झाली आहे. प्रौढांनी मुलाला जग समजावून देण्याऐवजी, प्रौढांनी झाकून ठेवलेले सत्य मूल वाचते.

१९८० मध्ये कौयर यांचा 'हेट खेमिनाख्टे किंट' (अवमानित मूल) हा निबंधग्रंथ प्रसिद्ध झाला. मुलाकडे 'अजून माणूस न झालेला जीव' म्हणून पाहणाऱ्या प्रौढांच्या वृत्तीवर त्यात प्रहार आहे. या ग्रंथाच्या प्रकाशात पाहिले असता पुरस्कारांविषयी एक अवघड प्रश्न उभा राहतो. मुलासाठी काय चांगले हे प्रौढांनीच ठरवायचे, तर तो अवमान पुरस्काराच्या रूपानेही होऊ शकतो काय?

सोफीचे मरण आणि समीक्षेतील वाद

ऐंशीच्या दशकात या प्रश्नाला तीव्र रूप आले. त्याला निमित्त अनेक होते. त्यांपैकी एल्स पेल्ग्रोम यांचे 'क्लायने सोफी एन लांगे वापर' (१९८४) हे पुस्तक प्रातिनिधिक म्हणता येईल. १९७८ मध्ये 'डे किंडरन फान हेट आख्टस्टे वाउट' या युद्धकाळावरील कादंबरीसाठी पेल्ग्रोम यांना सुवर्ण लेखणी मिळाली होती. १९८५ मध्ये या पुस्तकासाठी ती दुसऱ्यांदा मिळाली. त्याच वर्षी त्याचे चित्रकार टे त्जोंग-किंग यांना सोन्याचा कुंचला मिळाला. आजारी सोफीला आयुष्य म्हणजे काय ते जाणून घ्यायचे आहे. रात्री तिची खेळणी आणि मांजर नाटक उभे करतात आणि त्या नाटकातच ती लोभ, दारिद्र्य, अन्याय आणि प्रेम यांच्या प्रदेशातून प्रवास करते. शेवटी सोफी मरण पावते. आपल्या खेळण्यांसह ती निघून जाते.

पुस्तकाची रचना रंगभूमीच्या रूपकावर उभी आहे, जुन्या साहित्यप्रकारांचे पडसाद त्यात आहेत आणि शेवट सांत्वनाविना आहे. अशा कलाकृतींच्या गौरवामुळे बालसाहित्य हे 'साहित्य' म्हणून मान्य झाले, असे एका बाजूचे म्हणणे होते. दुसऱ्या बाजूने आक्षेप घेतला तो अभ्यासक आने द व्हरीस यांनी. चांगले बालपुस्तक कशाला म्हणतात याविषयीच्या मतांचा इतिहास मांडणारा त्यांचा प्रबंध १९८९ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यानंतर बालपुस्तक नाहीसे होत चालल्याची चिंता त्यांनी व्यक्त केली. प्रौढ साहित्याचे निकष लावता लावता मूल हा वाचकच हरवत आहे, असा त्या चिंतेचा आशय होता.

हा आक्षेप गंभीर आहे. परंतु सोफीच्या बाबतीत तो पूर्णपणे लागू पडत नाही. या पुस्तकातील मृत्यू अवघड आहे, पण तो मुलाच्या दृष्टीच्या बाहेरचा नाही. सोफीचा प्रश्न हा मुलाचा प्रश्न आहे आणि त्याचे उत्तर खेळण्यांच्या भाषेत दिले आहे. कठीणपणा आणि परकेपणा या दोन भिन्न गोष्टी आहेत. वादाच्या दोन्ही बाजूंनी त्यांची पुष्कळदा गल्लत केली.

१९८८ : दोन परीक्षक मंडळे

१९८८ हे वर्ष या इतिहासातील वळण म्हणावे लागेल. वाङ्मयीन गुणवत्तेवर भर देणारा वाउटर्चे पीटर्से पुरस्कार त्या वर्षी प्रथम दिला गेला आणि इमे द्रॉस त्याच्या मानकरी ठरल्या. समग्र लेखनासाठीचा टेओ टायसन पुरस्कारही त्याच वर्षापासूनचा. आणि त्याच वर्षी मुलांनी मतदान करून निवडायच्या 'किंडर्युरी' पुरस्काराचाही आरंभ झाला.

पहिल्या दोन पुरस्कारांची नावे अर्थपूर्ण आहेत. वाउटर्चे पीटर्से हा मुल्टाटुली या एकोणिसाव्या शतकातील लेखकाने निर्मिलेला, संकुचित घरात गुदमरणारा स्वप्नाळू मुलगा. टेओ टायसन हे शिक्षक, राजकीय कार्यकर्ते आणि 'केस डे योंगन' (१९२३) या कादंबरीचे लेखक. हे दोन्ही मुलगे डच साहित्यातले अविस्मरणीय मुलगे खरे. पण ते ज्या लेखनात भेटतात ते मुलांविषयीचे आहे, मुलांसाठीचे नव्हे. बालसाहित्याला प्रतिष्ठा देण्यासाठी प्रौढ साहित्यातील बालकांची नावे घ्यावी लागली, यात त्या काळच्या समीक्षेचा न्यूनगंड नकळत प्रकट झाला आहे.

दुसरीकडे मुलांच्या मतदानातून कॅरी स्ले, पॉल फान लोन यांसारख्या लेखकांना वारंवार कौल मिळाला. शाळेतील छळ, व्यसन, भयकथा हे त्यांचे विषय. त्यांना सुवर्ण लेखणी कधीही मिळाली नाही. मुलांच्या मतदानात अनुवादित पुस्तकेही असल्याने रोआल्ड डालही तेथे विजयी होतात. यावरून 'परीक्षकांना मुले कळत नाहीत' किंवा 'मुलांना साहित्य कळत नाही' असे निष्कर्ष काढणे सोपे आहे. पण दोन्ही निष्कर्ष अपुरे आहेत. मूल मत देते ते हाती आलेल्या पुस्तकांपैकी एकाला. कोणते पुस्तक त्याच्या हाती येते हे दुकान, ग्रंथालय, शाळा आणि मालिका-पुस्तकांची सवय यांवर अवलंबून असते. परीक्षक सगळी पुस्तके वाचतो, पण त्याने मुलासारखे वाचणे थांबवून बराच काळ लोटलेला असतो. म्हणजे एकाकडे निवडीची व्याप्ती आहे, दुसऱ्याकडे वाचनाची निकड. दोन्ही मते अपुरी आहेत आणि म्हणूनच दोन्ही आवश्यक आहेत.

मधला मार्ग नव्हे, खोल मार्ग

पुढील काळातील काही कलाकृतींनी ही दरी ओलांडली. पण दोन्ही बाजूंना थोडे थोडे देऊन नव्हे. कौयर यांच्या 'हेट बूक फान आले डिंगन' (सर्व गोष्टींचे पुस्तक, २००४) या कादंबरीला २००५ मध्ये सुवर्ण लेखणी मिळाली. काळ १९५१, स्थळ ॲमस्टरडॅम. नऊ वर्षांच्या टोमासला इतरांना न दिसणाऱ्या गोष्टी दिसतात. कालव्यात उष्ण प्रदेशातले मासे दिसतात, येशू त्याच्याशी बोलतो. घरात धर्मनिष्ठ वडील आईवर हात उगारतात आणि मुलाला लाकडी चमच्याने मारतात. शेजारची बाई चेटकीण समजली जाते. प्रत्यक्षात तिचा नवरा जर्मनांनी मारलेला असतो, आणि ती टोमासला पुस्तके देते. धर्मसत्ता, कौटुंबिक हिंसा, युद्धाची स्मृती हे सारे प्रौढ विषय या छोट्या पुस्तकात आहेत. परंतु सत्तरच्या दशकाप्रमाणे मूल येथे प्रौढांच्या जगात परीक्षेला बसत नाही. मुलाच्या दृष्टीपुढे प्रौढांचे जगच परीक्षेला बसते. टोमासची कल्पकता हा पळ नसून प्रतिकार आहे. 'अवमानित मूल' या निबंधात कौयर यांनी जे तर्काने मांडले, ते येथे कथारूपाने सिद्ध झाले आहे. २०१२ मध्ये ॲस्ट्रिड लिंडग्रेन स्मृती पुरस्कार त्यांना मिळाला.

आनेट स्खाप यांची 'लाम्प्ये' (२०१७) ही दुसरी लक्षणीय कादंबरी. चित्रकार म्हणून परिचित असलेल्या लेखिकेची ही पहिलीच कादंबरी. २०१८ मध्ये तिला सुवर्ण लेखणी आणि वाउटर्चे पीटर्से पुरस्कार दोन्ही मिळाले. डचभाषक फ्लांडर्समधील बूकनलेउ पुरस्कारही तिला लाभला. दीपगृहाच्या रखवालदाराची मुलगी एका वादळी रात्री दिवा लावू शकत नाही, जहाज फुटते आणि त्याची शिक्षा म्हणून तिला नौसेनापतीच्या काळ्या घरात कामाला पाठवतात. त्या घरातला 'राक्षस' म्हणजे जलपरीचे टाकलेले मूल असते. येथे साहसकथा, परीकथा आणि टाकलेल्या मुलांविषयीची तीव्र करुणा एकत्र आली आहे. शोध, भय, समुद्र हे मुलांना प्रिय असलेले घटक लेखिकेने टाळलेले नाहीत. ते गंभीरपणे घेतले आहेत.

याच संदर्भात २००४ मधील एक घटना विचारात घ्यावी लागते. बालग्रंथ सप्ताहाच्या अर्धशतकाच्या निमित्ताने 'ग्रिफेल डर ग्रिफेल्स' म्हणजे लेखण्यांतील लेखणी हा विशेष सन्मान देण्यात आला आणि तो द्राख्त यांच्या 'राजासाठी पत्र' या कादंबरीला मिळाला. वचन पाळण्यासाठी एका गुप्त पत्रासह निघालेल्या तिउरी या मुलाची ही कथा आहे. नवे प्रयोग, नवी समीक्षा, नवे वाद होऊन गेल्यानंतर मान मिळाला तो चार दशके अखंड वाचल्या गेलेल्या पुस्तकाला. पुरस्काराचा निर्णय एका वर्षापुरता असतो. वाचकांचा निर्णय लागायला पिढ्या जातात, याची ही कबुलीच होती.

समारोप

डच बालसाहित्य पुरस्कारांच्या या विवेचनातून तीन गोष्टी स्पष्ट होतात. पहिली, वाङ्मयीन गुणवत्ता आणि मुलाची आवड यांतील विरोध स्वाभाविक नाही; बालसाहित्याला प्रतिष्ठा मिळवून देण्याच्या ऐतिहासिक धडपडीतून तो निर्माण झाला. दुसरी, खरा भेद सोपे आणि कठीण यांत नसून मुलाच्या ज्ञानावर विश्वास ठेवणारे लेखन आणि तसा विश्वास न ठेवणारे लेखन यांत आहे. 'सोफी' कठीण असूनही पहिल्या प्रकारात मोडते. सोपी असूनही दुसऱ्या प्रकारात मोडणारी पुस्तके कोणत्याही भाषेत विपुल असतात. तिसरी, पुरस्कारांची यादी ही वाचनयादी म्हणून स्वीकारण्यापेक्षा एक प्रश्न म्हणून वाचणे अधिक फलदायी आहे. मुलाच्या हाती कोणते पुस्तक द्यावे हे ठरवणारा शिक्षक असो की परीक्षक, त्याने स्वतःला विचारावयाचे ते एवढेच की या निवडीत मुलाचा मान राखला आहे की आपला. सोन्याची असली तरी ती पाटीवरची लेखणी आहे, आणि पाटी मुलाची असते.