'हाय' म्हणजे किती? स्टार्टअपच्या यादीचे परीक्षण

शाळेत संगणकाची तासिका ३५ मिनिटांची असते असे धरू. संगणक सुरू होऊन हाताशी येईपर्यंत ५ मिनिटे गेली, तर तासिकेचा सातवा हिस्सा संपला. अशा वेळी दोन सल्ले हमखास मिळतात : 'संगणक जुना झाला, बदला' किंवा 'स्टार्टअपमधले प्रोग्रॅम बंद करा'. पहिला सल्ला खर्चिक आहे. दुसरा बिनखर्चाचा आहे, पण तो का लागू पडतो हे क्वचितच सांगितले जाते. म्हणून हे काम जेथे करायचे ती विंडोजच्या टास्क मॅनेजरमधील 'स्टार्टअप' ही यादी आम्ही परीक्षणासाठी घेतली आहे. प्रयोगशाळेतील एखादे उपकरण जसे तपासून घेतो, तशीच ती तपासू या.

आपोआप सुरू होणाऱ्या प्रोग्रॅमचा प्रश्न नवा नाही. एमएस-डॉसच्या काळात ही यादी 'ऑटोएक्झेक.बॅट' या साध्या मजकुराच्या फाइलीत असे. ती उघडून वाचता येई, नको ती ओळ काढून टाकता येई. १९९५ साली विंडोज ९५ आली आणि यादी विखुरली. काही नोंदी स्टार्टअप नावाच्या फोल्डरमध्ये, तर पुष्कळशा रजिस्ट्री या कोठारात गेल्या. तेथे सामान्य माणूस सहसा हात घालत नाही. विंडोज ९८ मध्ये 'एमएसकॉन्फिग' हे साधन आले. २०१२ सालच्या विंडोज ८ पासून ही यादी टास्क मॅनेजरमध्ये दिसू लागली. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप या कळा एकदम दाबल्या की तो उघडतो.

या यादीचे दोन गुण मान्य केले पाहिजेत. एक म्हणजे, येथे 'डिसेबल' केल्याने प्रोग्रॅम पुसला जात नाही. त्याचे फक्त आपोआप सुरू होणे थांबते, आणि निर्णय केव्हाही फिरवता येतो. दुसरा गुण असा, की प्रत्येक नोंदीपुढे 'स्टार्टअप इम्पॅक्ट' म्हणजे तिचा भार लिहिलेला असतो : लो, मीडियम किंवा हाय. हा भार अंदाजाने नव्हे, मोजून ठरतो. सुरू होताना प्रोग्रॅमने प्रोसेसरचा १ सेकंदाहून अधिक वेळ घेतला, किंवा डिस्कवर ३ मेगाबाइटपेक्षा जास्त वाचन-लेखन केले, तर तो 'हाय'.

आमची मुख्य तक्रार येथेच आहे. हे माप कामाचे आहे, आपल्याला थांबावे लागणाऱ्या वेळेचे नाही. साधे गणित करून पाहा. ३ मेगाबाइट माहिती डिस्कवर ४ किलोबाइटच्या तुकड्यांत विखुरली असेल, तर ७६८ तुकडे वाचावे लागतील. फिरत्या चकतीच्या हार्ड डिस्कमध्ये प्रत्येक तुकड्यासाठी वाचणारा दांडा हलवावा लागतो आणि चकती योग्य जागी येण्याची वाट पाहावी लागते. मिनिटाला ५४०० फेरे घेणाऱ्या चकतीची अर्धी फेरीच सुमारे ५.६ मिलिसेकंदांची. दांड्याची हालचाल धरून एका तुकड्याला १५ मिलिसेकंद मानू. एकूण वेळ झाला सुमारे साडेअकरा सेकंद. एसएसडीत हलणारा भागच नसतो. तेथे एका वाचनाला ०.१ मिलिसेकंद धरले, तर तेच काम सेकंदाच्या दहाव्या हिश्शाच्या आत संपते. माहिती सलग असेल किंवा विंडोजने वाचनाचा क्रम नीट लावला, तर हार्ड डिस्कचा वेळही बराच कमी होईल. तरीही एकाच 'हाय' या शब्दाचे अर्थ दोन यंत्रांवर किती वेगळे, हे लक्षात यावे. शिवाय दहा प्रोग्रॅम एकदम सुरू झाले, की एकच दांडा दहा ठिकाणी धावतो.

दुसरा दोष अपुरेपणाचा. पार्श्वभूमीवर चालणाऱ्या 'सर्व्हिसेस' आणि वेळापत्रकाने सुरू होणारी कामे या यादीत येत नाहीत. यादी रिकामी केली तरी संगणक संथच राहिला, याचे एक कारण हे असू शकते.

तिसरा दोष अधिक गंभीर वाटतो. प्रोग्रॅम कशासाठी आहे, हे यादी सांगत नाही. मराठी टंकलेखनाचा साहाय्यक प्रोग्रॅम आणि वर्षातून एकदा लागणाऱ्या प्रिंटरचा 'अपडेटर' एकाच रांगेत बसतात. नाव ओळखीचे नाही म्हणून पहिला बंद केला, तर देवनागरी उमटेनाशी होईल. मुळात, पुष्कळ प्रोग्रॅम या रांगेत स्वतःहून येऊन बसतात आणि त्यांना बाहेर काढण्याचे काम वापरणाऱ्यावर पडते. परवानगी आधी मागावी, ही साधी रीत येथे उलटी झाली आहे.

मग यादी निरुपयोगी का? मुळीच नाही. फक्त तिच्या लेबलावर विसंबू नये, स्वतः मोजावे. विद्यार्थ्यांना हा प्रयोग सहज करता येईल. 'रीस्टार्ट' करा आणि ठरावीक फाइल उघडेपर्यंतचा वेळ तीनदा घेऊन सरासरी काढा. 'शट डाउन' मुद्दाम टाळायचे, कारण विंडोज ८ पासून बऱ्याच संगणकांत त्या वेळी प्रणालीचा गाभा डिस्कवर जपून ठेवला जातो आणि पुढची सुरुवात कोरी होत नाही. मग एकच प्रोग्रॅम बंद करून पुन्हा तीन मोजमापे घ्या. फरक पडला नाही, तर तो पूर्ववत करा. विषाणूंपासून संरक्षण देणारा प्रोग्रॅम मात्र प्रयोगातून वगळावा.

एवढे करूनही फरक पडला नाही, तर अडचण डिस्कची किंवा अपुऱ्या मेमरीची असण्याचा संभव वाढतो. तेव्हा संपूर्ण यंत्र बदलण्याऐवजी एक भाग बदलून भागते का, हे पाहता येईल. मुख्याध्यापकांपुढे खर्चाचा प्रस्ताव ठेवताना 'संगणक जुना आहे' या वाक्यापेक्षा विद्यार्थ्यांनी घेतलेल्या मोजमापांचा तक्ता अधिक वजनदार ठरेल.