एकच गिटार, दोन किमती

आजचा विषय जाहीर झाल्यावर काहींनी विचारलं, "सर, तत्त्वज्ञानाचा माणूस इलेक्ट्रिक गिटारकडे कसा काय वळला?" त्यात नवल काही नाही. एखाद्या वस्तूला आपण 'चांगली' म्हणतो तेव्हा नेमकं काय म्हणतो, हा आमच्या शास्त्रातला जुना प्रश्न आहे. आणि तो तपासायला एखादी वस्तू अशी लागते, जी एकाच आकारात, एकाच कंपनीकडून, दोन अगदी वेगळ्या किमतींना मिळते. फेंडर कंपनीची स्ट्रॅटोकास्टर ही गिटार तशी आहे.

अमेरिकेत बनलेली 'फेंडर अमेरिकन प्रोफेशनल' आणि त्याच कंपनीच्या 'स्क्वायर' या नावाखाली विकली जाणारी 'अफिनिटी' मालिकेतली गिटार, या दोघींच्या किमतीत साधारण सहापट फरक आहे. लांबून बघितलं तर दोघी बहिणी. मग हे वरचे पैसे कशाचे? माझ्या मते ते तीन गोष्टींचे आहेत: सामग्री, हात आणि नाव. जाहिरात या तिघांचं एकच गाठोडं बांधते. समीक्षकाचं काम ते सोडून दाखवण्याचं.

थोडा इतिहास आधी सांगतो, कारण त्याशिवाय पुढचं कळणार नाही. लिओ फेंडर हा कॅलिफोर्नियातल्या फुलर्टन गावचा रेडिओ दुरुस्त करणारा माणूस. त्याला स्वतःला गिटार वाजवता येत नव्हती. १९५४ साली त्यानं स्ट्रॅटोकास्टर बाजारात आणली. जुन्या पद्धतीच्या गिटारींत मान, म्हणजे नेक, धडाला सरसानं पक्की चिकटवलेली असते. फेंडरनं ती चार स्क्रूंनी जोडली. खराब झाली तर काढा, दुसरी लावा. म्हणजे ही वस्तू पहिल्या दिवसापासून कारखान्यासाठी आणि दुरुस्तीसाठी कल्पिलेली आहे. तिची 'नक्कल' निघणं हा तिचा अपमान नाही, ते तिच्या रचनेतच आहे.

पण म्हणून ती स्वस्त होती असं समजू नका. ट्रेमोलोसकट तिची किंमत २४९ डॉलर ५० सेंट होती. आजच्या हिशेबात ते तीन हजार डॉलरच्या आसपास जातात. बनवायला सोपी, पण घ्यायला महाग. त्या सोपेपणाचा फायदा कमी पैशांच्या माणसापर्यंत पोचायला १९८२ साल उजाडलं. जपानी कारखाने तेव्हा इतक्या चांगल्या प्रतिकृती काढत होते की फेंडरनं जपानमध्येच स्वतःची स्वस्त गिटार बनवून घ्यायला सुरुवात केली आणि तिला स्क्वायर हे नाव दिलं. अठ्ठावीस वर्षं लागली, तीही स्पर्धेनं दार ठोठावल्यावर.

आता गाठोडं सोडू. पहिली गोष्ट, सामग्री.

इलेक्ट्रिक गिटारचा आवाज पोकळ लाकडातून येत नाही. पोलादी तार चुंबकाच्या क्षेत्रात थरथरते, चुंबकाभोवतीच्या तांब्याच्या गुंडाळीत त्यामुळे वीज निर्माण होते आणि ती अॅम्प्लिफायरला जाते. मायकेल फॅरडेनं १८३१ मध्ये दाखवलेलं तत्त्व ते हेच. त्यामुळे आवाजातला पहिला फरक शोधायचा तो पिकअपमध्ये. महाग गिटारच्या पिकअपमध्ये प्रत्येक तारेखाली एक स्वतंत्र चुंबकाची कांडी असते, अल्निको या मिश्रधातूची. स्वस्त पिकअपमध्ये बहुधा साध्या पोलादी कांड्या असतात आणि खाली सिरॅमिक चुंबकाची एक पट्टी चिकटवलेली असते. फरक ऐकू येतो का? येतो. स्वच्छ, विकृती न घातलेल्या आवाजात अल्निकोचा वरचा सूर मोकळा आणि किणकिणता लागतो, सिरॅमिकचा थोडा ठोस, थोडा उद्धट. पण अॅम्प्लिफायर तापवून आवाज फाडला की हा फरक बराचसा बुजतो. आणि एक लक्षात घ्या, हा फरक बदलता येतो. पिकअप हा सुटा भाग आहे.

लाकडाचं काय? महाग गिटारचं धड आल्डरचं, स्वस्तचं पॉप्लरचं. यावर लोक तासन्‌तास भांडतात. भरीव फळीच्या गिटारमध्ये लाकडाचा वाटा पिकअपच्या मानानं फार लहान आहे, एवढं म्हणून पुढे जातो. पण बोटांखालच्या पट्टीची, फ्रेटबोर्डची, गोष्ट तुम्हाला सांगायलाच हवी. महाग गिटारींवर ती पुष्कळदा रोझवूडची असते, आणि त्यातला 'इंडियन रोझवूड' म्हणजे आपला शिसव. २०१७ मध्ये शिसवाच्या साऱ्या कुळाच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर परवान्यांची अट आली, २०१९ मध्ये तयार वाद्यांना त्यातून सूट मिळाली. या काळात स्वस्त गिटारींवर 'इंडियन लॉरेल' नावाचं लाकूड दिसू लागलं. हे नाव ऐकून कुणाला काही परदेशी वाटेल. तो आपला ऐन आहे! सह्याद्रीतला, मगरीच्या पाठीसारख्या सालीचा ऐन. आपल्याकडे घरांच्या बांधकामात पिढ्यानपिढ्या वापरलेला. म्हणजे एका गिटारवर शिसव, दुसरीवर ऐन, दोन्ही झाडं आपल्याच रानातली. प्रतिष्ठेची उतरंड लाकडात किती आणि आपल्या कानाच्या सवयीत किती, हे इथं जरा थांबून विचारावं.

याला जोडून एक प्रयोग. २०१० साली अमेरिकेत इंडियानापोलिसला क्लाउडिया फ्रिट्झ, जोसेफ कर्टिन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एकवीस व्हायोलिनवादकांना सहा व्हायोलिनं वाजवायला दिली. तीन नवी, तीन जुनी, आणि जुन्यांत दोन स्ट्रॅडिव्हारीची. अंधूक खोली, वादकांच्या डोळ्यांवर काळे गॉगल. बहुतेकांना नवी व्हायोलिनं आवडली, आणि आपलं आवडतं वाद्य जुनं की नवं हे सांगायला त्यांना जमलं नाही. यातून 'सगळी वाद्यं सारखीच' असं सिद्ध होत नाही. त्यांना आवडीनिवडी होत्याच, अगदी ठाम होत्या. फक्त त्या नावाच्या आणि किमतीच्या मागे गेल्या नाहीत.

दुसरी गोष्ट, हात. माझ्या मते खरा फरक इथं आहे.

दोन्ही गिटारींचं लाकूड संगणकावर चालणारी यंत्रंच कापतात. वेगळेपण सुरू होतं ते कापून झाल्यावर. फ्रेटांची टोकं कानशीनं गोल करणं, पट्टीची कड हाताला टोचणार नाही अशी घासणं, सगळे फ्रेट एका पातळीत आणणं, आणि नटच्या खाचा नेमक्या खोलीच्या करणं. या कामाला वेळ लागतो, आणि वेळ म्हणजे पगार. तंबोऱ्याची जवारी ज्यांनी लावून घेतली आहे त्यांना वेगळं समजावायला नको. तोच भोपळा, त्याच तारा, पण घोडीवर कानस योग्य फिरली नसेल तर तंबोरा बोलत नाही. गिटारच्या नटचं तसंच आहे. खाच केसभर उथळ राहिली की पहिल्या फ्रेटपाशी तार उंच राहते. मग ती दाबायला जास्त जोर लागतो, आणि दाबली की ताणली जाऊन सूर चढा लागतो. गिटार शिकणारा प्रत्येक जण 'एफ' या स्वरमेळापाशी अडतो. तो पहिल्याच फ्रेटवर, एका बोटानं सहाही तारा दाबून धरावा लागतो. बोट दुखतं, सूर बेसूर लागतो. अशा वेळी विद्यार्थी काय म्हणतो? 'नट नीट कापलेला नाही' असं तो म्हणत नाही. तो म्हणतो, 'मला जमत नाही.' आणि गिटार कपाटावर जाते.

मित्रहो, माझी तक्रार इथं आहे. अॅरिस्टॉटलनं 'पॉलिटिक्स'मध्ये विचारलं आहे की उत्तम बासऱ्या कुणाला द्याव्यात? त्याचं उत्तर असं की कुळानं मोठ्या माणसाला नव्हे, जो उत्तम वाजवतो त्याला. उत्तर सुंदर आहे, पण ते शिकून तयार झालेल्यांबद्दल आहे. तयार वादक वाईट वाद्यातूनही वाट काढतो, बोटाचा दाब बदलून सूर सांभाळतो. नवशिक्याला ते येत नाही. ज्याला वाद्याचा दोष कळत नाही त्याच्याच हातात, न घासलेलं, न जुळवलेलं वाद्य जातं. महाग चुंबक त्याला नसला तरी चालेल. पण अर्ध्या-पाऊण तासाची कानस ही काही चैन नव्हे, ती वाद्याच्या वाद्यपणाची किमान अट आहे. स्वस्तात सामग्री कमी केली तर माझी हरकत नाही. हात कमी केला तर आहे.

आणखी एक बारीक गोष्ट. अफिनिटीचं धड मूळ मापापेक्षा पातळ आहे. त्यामुळे मूळ मापाचा ट्रेमोलोचा ठोकळा तिच्यात मावत नाही. ज्या वस्तूचा मोठा गुण 'कुठलाही भाग बदला' हा, तिच्या स्वस्त रूपात तो गुणच थोडा कापला गेला. ही काटकसर मला चुंबकाच्या काटकसरीपेक्षा जास्त खटकते.

तिसरी गोष्ट, नाव. व्हिक्टर स्क्वायर हा मिशिगनमधला व्हायोलिन बनवणारा कारागीर होता. त्याची तारांची कंपनी फेंडरनं १९६५ साली घेतली. म्हणजे हातानं व्हायोलिन घडवणाऱ्या माणसाचं नाव आज त्या गिटारवर आहे, जिच्यावर हात सर्वांत कमी फिरतो.

'पण सर, अस्सल ती अस्सलच ना?' असं तुम्ही म्हणाल. मिलिंदपन्हात नागसेन राजाला विचारतो, रथ म्हणजे चाकं का, आस का, जू का? डेव्हिड गिल्मोरची काळी स्ट्रॅटोकास्टर २०१९ च्या लिलावात जवळजवळ चाळीस लाख डॉलरला गेली. तिची मान त्यानं अनेकदा बदलली होती, पिकअपही बदलले होते, आणि काही वर्षं तिच्यावर चक्क दुसऱ्या कंपनीची मान होती. आणि जिमी हेंड्रिक्सनं १९६९ मध्ये वुडस्टॉकला वाजवलेली गिटार? सीबीएस कंपनीनं फेंडर विकत घेतल्यानंतरच्या काळातली ती. त्याच काळातल्या गिटारींना संग्राहक पुढे बरीच वर्षं उतरत्या दर्जाच्या म्हणून नाकं मुरडत होते. अस्सलपणा भागांत नाही आणि शिक्क्यातही नाही. तो वापरानं चढतो.

मग निवाडा काय? रोज रात्री मंचावर उभं राहणाऱ्या वादकानं महाग गिटार घ्यावी, तिथं पैसे वाया जात नाहीत. सूर टिकतो, बटणं खरखरत नाहीत, हात थकत नाही. शिकणाऱ्यानं, किंवा त्याच्या आईवडिलांनी, स्वस्त घ्यावी, पण खरेदीच्या हिशेबात कारागिराचे पैसे पहिल्या दिवशीच धरावेत. दुकानातून घरी नेण्याआधी ती जाणत्या माणसाकडून जुळवून घ्यावी. सहापट किमतीतला शिकणाऱ्याच्या खऱ्या उपयोगाचा भाग त्या एका बैठकीत मिळतो. बाकीचा भाग थोडा चुंबकाचा, थोडा लाकडाचा आणि बराचसा नावाचा.

आणि घरात कुणी 'मला जमत नाही' म्हणून गिटार बाजूला ठेवली असेल, तर त्याच्या बोटांबद्दल मत बनवण्याआधी पहिल्या फ्रेटपाशी तार किती उंच आहे ते बघा.

आता प्रश्न घेऊ.